आधी आर्द्रता पाहा, मग रिमोट उचला: पंखा, कूलर आणि एसी नीट वापरण्यासाठी

माझं माहेर नागपूरचं आणि सासर डोंबिवलीचं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी अंगावर घाम दिसतच नाही. येतो तोच वाळतो, ओठ फुटतात, डोळ्यांची आग होते. डोंबिवलीत पारा नागपूरपेक्षा आठ-दहा अंशांनी कमी, पण आंघोळ करून अंग पुसतोय तोवर पाठीवर घामाची धार लागलेली. हवा इतकी वेगळी, आणि तरी दोन्ही घरांत वर्षानुवर्षं उपाय एकच: उकडलं की पंखा पाचवर, फारच उकडलं की कूलर किंवा एसी, तोही पार शेवटच्या आकड्यावर.

काही वर्षांपूर्वी बाबांना घरात बसल्या बसल्या ऊन लागलं. बाहेर गेलेच नव्हते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत, फुल स्पीडच्या पंख्याखाली दुपारभर पडून होते. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं वाक्य मला अजून आठवतं: त्या खोलीत पंखा गरम हवाच अंगावर मारत होता. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. दोन्ही घरांत जे करून पाहिलं आणि जे उपयोगी पडलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या पायरीचा खर्च आधीच्या पायरीवर अवलंबून असतो.

पहिली पायरी: दोन आकडे वाचायला शिका

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल मापक काहीशे रुपयांत मिळतं. ते घ्या. भिंतीवर, पलंगावर झोपलेल्या माणसाच्या उंचीला लावा. खिडकीतलं ऊन, एसीचा झोत आणि फ्रिजची पाठ यांपासून ते लांब हवं. आठवडाभर सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री दहाला दोन्ही आकडे कागदावर टिपून ठेवा.

आर्द्रता कशासाठी पाहायची? माणसाची त्वचा साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गार असेल तोवर शरीराची उष्णता आपोआप हवेत जाते. हवा तेवढीच किंवा जास्त गरम झाली की शरीराकडे एकच मार्ग उरतो, घाम वाळवणं. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. कोरड्या हवेत तो झटपट वाळतो, दमट हवेत वाळतच नाही, नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाचा शरीराला काही उपयोग नाही. हवामान खातंही उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी भागासाठी ४० अंशांची आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशांची मर्यादा धरतं. किनाऱ्यावरचे ३७ अंश शरीराला फार जड जातात.

माझ्या वहीतल्या नोंदी पाहिल्या तर तीन प्रकारचे दिवस दिसतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

खोली ३४-३५ अंशांच्या खाली आणि आर्द्रता मध्यम असेल, तर पंखा पुरतो. एसीची गरज नाही.

खोली ३८ च्या वर आणि आर्द्रता ३० टक्क्यांच्या आत असेल, तर पाणी हवं: कूलर, ओला पडदा, ओलं फडकं. नागपूर, अकोला, जळगाव, परभणी यांचा एप्रिल-मे हा असा.

खोली ३० ते ३४ अंश आणि आर्द्रता ७० च्या वर असेल, तर हवा वेगाने फिरवायची आणि जमलं तर हवेतली ओल काढायची. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी. इथे कूलर लावला तर दुखणं वाढतं.

दुसरी पायरी: उष्णता आत येण्याआधी अडवा

यंत्र कुठलंही असो, त्याला खोलीत शिरलेल्या उष्णतेशीच झुंजावं लागतं. त्यामुळे खर्चाचा पहिला रुपया सावलीवर घाला.

वरचा मजला असेल तर शत्रू स्लॅब आहे. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खाली सोडतं; म्हणून वरच्या मजल्यावरची खोली रात्री अकराला दुपारपेक्षाही कोंदट लागते. गच्चीवर मार्च संपायच्या आत पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. चुन्यात थोडा फेव्हिकॉलसारखा डिंक घातला तर तो लवकर पावडर होऊन उडत नाही. आमच्याकडे गच्चीवर हिरवी जाळीही बांधली आहे, पण ती स्लॅबपासून चांगली उंच, खालून वारा खेळेल अशी. जाळी थेट स्लॅबवर अंथरून काही साधत नाही. कोरड्या भागात पाणी मुबलक असेल तर संध्याकाळी गच्चीवर गोणपाट अंथरून भिजवतात, त्याने खरोखर फरक पडतो. पाण्याची टंचाई असेल तिथे मात्र चुनाच बरा.

पश्चिमेची खिडकी दुसरा शत्रू. पडदा खिडकीच्या आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन चुकलेलं असतं, पडदा तापतो आणि शेगडीसारखा खोलीत बसतो. तोच अडथळा बाहेरून घाला: बांबूची चिक, ताडपत्रीचा छज्जा, वेल. बाहेरची साधी चिक आतल्या महागड्या पडद्यापेक्षा जास्त काम करते, हे मी दोन सारख्या खोल्यांत मापक लावून पाहिलं आहे.

आता खिडक्या. इथे नागपूर आणि डोंबिवली एकदम उलट वागतात. नागपुरात सकाळी आठ-साडेआठला बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम व्हायला लागते. त्या वेळी सगळं बंद, पडदे ओढलेले. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं सताड उघडं, पहाटेपर्यंत. किनाऱ्यावर दुपारीही बाहेरची हवा आतल्यापेक्षा फारशी गरम नसते आणि समुद्राकडून वारा येत असतो. तिथे घर कोंडून घेतलं तर स्वयंपाकाची वाफ, ओले कपडे आणि माणसांचा घाम मिळून आर्द्रता वाढत जाते. ऊन येणारी खिडकी झाका, बाकीच्या उघड्या ठेवा. पावसाळ्यात खोलीत कपडे वाळत घालणं शक्यतो टाळा. बादलीभर धुण्यातलं सगळं पाणी हवेतच जातं.

स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा फोडणीपुरता न लावता कुकर उतरल्यावर आणखी पंधरा मिनिटं चालू द्या. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत आई पोळ्या सकाळी सातला उरकते. घर गार ठेवण्याचं ते तिचं सगळ्यात जुनं आणि बिनखर्ची तंत्र आहे.

तिसरी पायरी: पंखा

पंखा खोली गार करत नाही. बंद खोलीत, चालू पंख्याखाली मापक ठेवून तासभर बघा. तापमानाचा आकडा हलणार नाही, हललाच तर मोटरच्या उष्णतेने किंचित वर जाईल. पंखा गार करतो ते माणसाला: त्वचेला चिकटलेला गरम, दमट हवेचा थर तो उडवून लावतो आणि घाम वाळवतो. सेकंदाला मीटरभर वेगाचा वारा अंगावर आला तर हवा दोन-तीन अंशांनी कमी असल्यासारखी वाटते. त्यामुळे रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायचा. "खोली गार राहावी म्हणून" चालू ठेवलेला पंखा फक्त वीज खातो.

पण याची एक मर्यादा आहे, आणि बाबांच्या बाबतीत ती आम्हाला माहीत नव्हती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तापमान ४० अंशांच्या वर गेलं की विजेचा पंखा शरीर गार करण्याऐवजी तापवतो. वृद्धांना घामही कमी येतो आणि तहानही कमी लागते, त्यामुळे त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली धरावी. अशा वेळी पंखा लावायचा असेल तर अंग ओलं हवं: मानेवर, हातांवर, पायांवर ओलं फडकं फिरवत राहायचं, किंवा ओला पंचा पांघरायचा. मग पंखा घामाऐवजी ते पाणी वाळवतो.

आता पंखा बसवण्याबद्दल. पाती जमिनीपासून किमान ७ फूट वर आणि छतापासून साधारण फूटभर खाली हवीत. छताला चिकटलेल्या पंख्याला वरून हवा ओढायला जागा मिळत नाही. दहा बाय बारापर्यंतच्या खोलीला १२०० मिलिमीटरचा पंखा योग्य. लांबट हॉलला एका मोठ्या पंख्यापेक्षा दोन पंखे बरे. पलंग पंख्याच्या अगदी मधोमध नको, थोडा बाजूला हवा. बरोबर मध्यबिंदूखाली वारा थोडा कमी असतो. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना पंख्याचा वेग एक घर जास्त लागतो.

पंखा हळू फिरायला लागला की लोक तो बदलतात. बहुतेक वेळा कपॅसिटर कमजोर झालेला असतो, जो थोड्या रुपयांत मिळतो आणि कोणताही वायरमन दहा मिनिटांत बदलून देतो. त्याआधी पात्यांची कड पुसून बघा. तिथे जमलेला काळा थर वारा कापतो.

नवा घ्यायचा असेल तर बीएलडीसी मोटरचा (ब्रश नसलेली, कमी वीज खाणारी मोटर) घ्या. जुना साधा पंखा ७० ते ८० वॅट घेतो, हा ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला साधारण २०० युनिट वाचतात. हे पंखे भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरवर चालवायचे नसतात. रेग्युलेटर काढून साधं बटण बसवून घ्या, वेग रिमोटने बदलतो. छताच्या पंख्यांना २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा दुकानात लेबल मागून पाहा.

टेबलफॅनचा एक उपयोग फार कमी लोक करतात. रात्री बाहेर गार झालं, पण वारा पडलेला आहे, अशा वेळी टेबलफॅन एका खिडकीत तोंड बाहेर करून ठेवा आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडा. पंखा खोलीतली तापलेली हवा बाहेर फेकतो आणि दुसरीकडून गार हवा आपोआप आत येते. मला हे पटायला वेळ लागला, कारण मन म्हणतं की वारा आपल्या अंगावर यायला हवा. पण तासाभरात खोलीचाच पारा उतरतो आणि भिंतीही निवतात.

चौथी पायरी: कूलर, पण फक्त कोरड्या हवेत

विदर्भ, मराठवाडा, खानदेश इथे कूलरला कमी लेखू नका. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २४०० किलोजूल उष्णता हवेतून शोषली जाते. म्हणजे तासाला पाचेक लिटर पाणी उडवणारा कूलर जवळजवळ एक टनाच्या एसीइतकी उष्णता खातो, आणि त्याचा पंखा आणि पंप मिळून वीज घेतात ती दोनेकशे वॅट. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना चांगल्या ताट्यांच्या (पाण्याने भिजणाऱ्या बाजूच्या जाड जाळ्यांच्या) कूलरमधून २८-२९ अंशांची हवा येते. तोच कूलर मुंबईच्या ३३ अंशांत आणि ७० टक्के आर्द्रतेत लावला तर हवा जेमतेम तीन-चार अंशांनी उतरते आणि ओलीने गच्च होते. कोकणात कूलर विकत घेणाऱ्याला मी हात जोडून थांबवते ते यासाठी.

कूलरबद्दलची सगळ्यात मोठी चूक म्हणजे दारं-खिडक्या बंद करून तो लावणं. बंद खोलीत अर्ध्या तासात हवा दमट होते, मग कूलर त्याच दमट हवेला पुन्हा भिजवतो. कूलर खिडकीबाहेर, सावलीत, बाहेरची कोरडी हवा ओढेल असा ठेवा, आणि समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. गार हवा आली तेवढीच जुनी हवा बाहेर गेली पाहिजे. झोपायच्या खोलीत कूलर, आणि उघडं दार स्वयंपाकघराच्या बाजूला, अशी आमची मांडणी आहे. त्यामुळे हवा सगळ्या घरातून फिरून बाहेर पडते.

सुरू करताना आधी पंप लावा, दहा मिनिटं ताट्या भिजू द्या, मग पंखा. वाळ्याच्या ताट्या सुगंधी असतात, वुड वूलच्या स्वस्त, हनीकोंबच्या टिकाऊ. गवताच्या ताट्या दर हंगामात बदलाव्या लागतात. बोअरच्या जड पाण्याने ताट्यांवर पांढरा थर चढतो आणि हवा अडते. टाकीतलं पाणी नुसतं वरून भरत न राहता दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाका. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा काथ्याने घासायलाच हव्यात. अंडी कडांना चिकटलेली असतात, पाणी ओतून ती जात नाहीत.

आता जे लिहिते ते कृपया घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत लहान मुलं असतात. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, अनवाणी पाय आणि पाण्यात बुडालेला पंप: धोका इथे आहे. कूलरला तीन पिनांचा प्लग आणि खरं चालणारं अर्थिंग हवं. वायरमनकडून तपासून घ्या, भिंतीत तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का पाहा. पाणी भरताना, टाकी धुताना, नुसतं पाणी किती आहे ते बघतानाही बटण बंद करून प्लग काढायचा. पायांत रबरी चप्पल. मुलांना कूलरमध्ये हात घालू देऊ नका, बंद असला तरी.

मृगाचा पाऊस झाला आणि मापकावर आर्द्रता ६० च्या वर दिसू लागली की पंप बंद करा. कूलरचा नुसता पंखा वापरा.

पाचवी पायरी: एसी, आणि त्याच्या जोडीला पंखा

एसी दोन कामं करतो: हवेतली उष्णता बाहेर नेतो आणि हवेतली ओल गाळतो. बाहेरच्या नळीतून ठिबकणारं पाणी ते हेच. किनाऱ्यावर दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं आहे.

आकार निवडताना ढोबळ हिशेब असा: साधारण १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड टन. वरचा मजला, पश्चिमेची भिंत किंवा मोठी काच असेल तर एक पायरी वर जा. उगाच मोठा घेऊ नका. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट गार करून थांबतो आणि ओल तशीच राहते. खोली थंड पण चिकट लागते. लेबलवरचे स्टार मोजताना त्यावरचा कालावधीही वाचा, कारण निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि जुन्या लेबलचे पाच स्टार नव्यात कमी भरू शकतात. रोज आठ-दहा तास लावणार असाल तर पाच स्टार इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे स्वतःचा वेग कमी-जास्त करणारा) घ्या. वर्षातून पंधरा-वीस दिवसच लागणार असेल तर तीन स्टार पुरेसा आहे आणि वाचलेले पैसे गच्चीवर घाला.

बसवताना घाई करू नका. आमच्या डोंबिवलीच्या घरात बसवणाऱ्याने आउटडोअर युनिट इमारतीच्या बंद डक्टमध्ये टांगलं, कारण तिथे शिडी लावणं सोपं होतं. त्याच डक्टमध्ये आणखी चार घरांची युनिटं. सगळ्यांनी फेकलेली गरम हवा तिथेच फिरायची आणि दुपारी आमचा एसी नुसता वारा द्यायचा. दोन वेळा "गॅस कमी झाला" म्हणून पैसे घेऊन गॅस भरला गेला. तिसऱ्या मेकॅनिकने डक्टमध्ये हात घालून पाहिला आणि युनिट गॅलरीबाहेर, मोकळ्या हवेत आणलं. त्या दिवसापासून तक्रार नाही. युनिटला पाठीमागे वीतभर जागा, समोर मोकळं आकाश आणि शक्य तर वरून सावली हवी. पण सावलीसाठी त्याला पेटीत कोंडू नका.

गॅसबद्दल एवढं लक्षात ठेवा: तो पेट्रोलसारखा संपत नाही. नळ्या बंद असतात. गॅस कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती शोधून, जोडून, पंपाने नळ्या निर्वात करून मगच वजनाने गॅस भरायचा असतो. "दरवर्षी थोडा गॅस टाकावाच लागतो" असं सांगणाऱ्याला परत पाठवा. एसीला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि बोर्डापासून थेट तांब्याची जाड वायर द्या. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी कधीही लावू नका.

आता रिमोट. १६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. एसीची ताकद तेवढीच असते. १६ म्हणजे फक्त "१६ होईपर्यंत थांबू नकोस" असा हुकूम. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू होतात. तिथून आणखी वर जा. प्रत्येक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तर २७ अंश आणि सोबत पंखा असा आहे. त्याने खोली चार अंशांनी गार भासते.

"एसी लावला की पंखा बंद" ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. वरच्या मजल्यावर ती अगदीच निराधार नाही: छताशी जमलेला गरम थर पंखा खाली आणतो. त्यामुळे खोली गार होईपर्यंत, म्हणजे पहिली पंधरा-वीस मिनिटं, पंखा एक नंबरवर ठेवा, नंतर दोन-तीनवर. हिशेब करून पाहा. दीड टनाचा एसी ताशी सरासरी एक युनिट घेतो असं धरलं, तर रोज आठ तासांचे महिन्याला २४० युनिट. २२ वरून २६ वर गेलात तर त्यातले पन्नासेक युनिट वाचतात. साध्या पंख्याला त्याच आठ तासांचे महिन्याला १८ युनिट लागतात, बीएलडीसीला ७. महावितरणच्या घरगुती दराची पायरी १०० आणि ३०० युनिटांना चढते, त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सगळ्यात महाग पायरीवरचे असतात.

झोपण्यापूर्वीचा आमचा क्रम असा आहे. साडेनऊला दारं-खिडक्या दहा मिनिटं उघडून ताजी हवा घ्यायची, कारण एसी बाहेरची हवा आत आणत नाही. मग बंद करून २५ वर एसी, झडपा वरच्या दिशेला. गार हवा जड असते, ती स्वतः खाली उतरते, अंगावर थेट झोत नको. दाराखालच्या फटीला जुन्या चादरीची गुंडाळी. अकराला २७ आणि पंखा दोनवर. पहाटे तीनला टायमरने एसी बंद, पंखा चालू. सकाळपर्यंत खोली फार तर दोन अंशांनी चढते. स्लीप मोड असेल तर तो हेच काम थोडंफार स्वतः करतो.

पावसाळ्यात हा क्रम बदलतो. जुलैत डोंबिवलीत खोली २९ अंश आणि आर्द्रता ८० च्या पुढे असते. २७ वर ठेवलेला इन्व्हर्टर एसी इतक्या मंद चालतो की ओल नीट गळत नाही. तेव्हा ड्राय मोड लावा. नाहीतर एसीचा स्वतःचा पंखा सगळ्यात कमी वेगावर ठेवा. हवा गार कॉइलवरून सावकाश गेली की जास्त पाणी सोडते. अंगाला वारा देण्याचं काम छताच्या पंख्याकडे द्या. मापकावर आर्द्रता ५५-६० वर आली की २८ अंशांतही शांत झोप लागते.

एसीची जाळी दर दोन आठवड्यांनी नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. हंगामाच्या आधी एकदा आउटडोअर युनिटच्या पत्र्यांमधली धूळ साफ करून घ्या. पाणी खोलीत ठिबकत असेल तर बहुतेक वेळा निचऱ्याची नळी तुंबलेली किंवा उलट्या उताराची असते.

वीज गेली, किंवा घरात वृद्ध माणूस एकटं असेल तेव्हा

घरातली एक खोली "गार खोली" म्हणून ठरवून ठेवा: तळमजल्याची, उत्तर किंवा पूर्वेची, कमी सामानाची. दुपारी बारा ते पाच सगळ्यांनी त्याच खोलीत बसायचं. एकच कूलर किंवा एकच एसी चालतो. आई-बाबांच्या घरी मी इन्व्हर्टर बॅटरीवर त्या खोलीचा बीएलडीसी पंखा जोडून घेतला आहे. त्याला वीज इतकी कमी लागते की बॅटरी पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ पुरते. दाराशी पाण्याची बादली, दोन पंचे आणि स्प्रेची बाटली कायम. दुपारी तीनला मी फोन करते आणि "कसं वाटतंय" हे विचारत नाही, कारण उत्तर नेहमी "बरं आहे" असंच येतं. मी मापकावरचे दोन आकडे विचारते, आणि सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात ते विचारते.

अंग तापलेलं आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो किंवा गुंगीत आहे, असं दिसलं तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत वाट पाहू नका: कपडे सैल करा, सगळं अंग पाण्याने ओलं करा, मानेवर, काखेत आणि जांघेत गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, आणि मग पंखा थेट अंगावर सोडा. ओल्या अंगावर तो काम करतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळीही देऊ नका. हा ताप जंतूंचा नसतो, गोळीने उतरत नाही.